चिंध्यांचा कागद, चिंध्यांची वाकळ

१९५५ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग नावाच्या एका चित्रकाराकडे कॅनव्हास घ्यायला पैसे नव्हते. निदान तो तसं सांगायचा. त्यानं जवळची एक जुनी ठिगळांची गोधडी घेतली, लाकडी चौकटीवर ताणली, वर उशी आणि चादर लावली, पेन्सिलीनं रेघोट्या ओढल्या, रंग ओघळू दिला आणि अख्खा बिछाना भिंतीवर उभा टांगला. नाव दिलं 'बेड'. आज तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. चित्राखालच्या ओळीत माध्यम लिहिलेलं असतं: तैलरंग, पेन्सिल, उशी, गोधडी, चादर. गोधडी शिवणारीचं नाव त्या ओळीत नाही.

हा फोटो फोनवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरची वाकळ आठवणं साहजिक होतं. पण मला जास्त रस वाटला तो याच माणसाच्या वीस वर्षांनंतरच्या एका प्रवासात. १९७५ मध्ये राउशेनबर्ग अहमदाबादला आला, काही आठवडे राहिला आणि गांधी आश्रमातल्या हातकागदाच्या कारखान्यात त्यानं चिंध्यांच्या लगद्यापासून कलाकृती केल्या. आजच्या भाषेत परदेशातली आर्टिस्ट रेसिडेन्सी. जुन्या कपड्यांपासून कला करण्याच्या गोष्टी आता रोज इन्स्टावर दिसतात, त्यात ही बरीच आधीची. मी थांबले ते 'चिंध्यांचा कागद' या शब्दांपाशी. कारण असा कागद करणारं एक गाव मला माहीत होतं. मी तिथंच वाढले.

बाळापूर अकोल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. मन आणि म्हैस या नद्यांचा संगम, मधल्या उंचवट्यावर विटांचा किल्ला, तो १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाबानं पुरा केला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावानं ओळखली जाणारी छत्री. हायवेवरून नागपूरकडे निघालेल्या ट्रॅव्हल्समधल्या माणसाला यातलं बहुतेक काही दिसत नाही. जुनी वऱ्हाडी माणसं 'ळ'चा 'य' करतात, त्यांच्या तोंडी आमचं गाव 'बायापूर'. 'ऐन-ए-अकबरी'मध्ये बाळापूरची नोंद आहे आणि ती मला फार आवडते: इथल्या दोन प्रवाहांच्या काठी तऱ्हेतऱ्हेचे सुंदर दगड सापडतात, लोक ते कापून शोभेसाठी ठेवतात. साम्राज्याचा सगळा हिशेब लिहिता लिहिता कुणाला तरी आमच्या नदीतले गोटे लिहावेसे वाटले. पुढे १७२० च्या ऑगस्टमध्ये निजाम-उल-मुल्कनं बाळापूरपाशीच आलम अलीखानाला हरवलं आणि दख्खनवर आपला जम बसवला. लढाई निदान पुस्तकात तरी सापडते. कागद मात्र शोधावा लागतो.

पेशवाईच्या काळात दफ्तरांत वापरल्या जाणाऱ्या कागदाला गावांची नावं असत. दौलताबादी, जुन्नरी आणि त्यांच्या जोडीला बाळापुरी. आज आपण फोन कुठल्या कंपनीचा ते पाहतो, तसं तेव्हाचा कारकून कागद कुठल्या गावचा ते पाहायचा. कोणता कागद पातळ, कोणता टिकाऊ, कोणता नुसता कच्च्या टिपणापुरता, हे त्याला नावावरून कळायचं. कागद करणाऱ्या लोकांना कागजी किंवा कागदी म्हणत. ते बहुतेक मुसलमान. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव त्यांच्याच नावाचं. खानदेशात एरंडोललाही कागद व्हायचा. भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी १९४० च्या दशकात चीनमधून कागद भारतात कसा आला याचा माग काढला, तेव्हा या सगळ्या गावांची नावं अभ्यासाच्या टेबलावर आली. त्याआधी ती फक्त जुन्या पत्रांच्या कोपऱ्यात होती.

कागद नेमका कशाचा व्हायचा? आज आपल्याला कागद म्हटलं की झाडं आठवतात, झाडं वाचवा वगैरे. पण लाकडाच्या लगद्याचा कागद ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे. त्याआधी, युरोपातही आणि आपल्याकडेही, कागद म्हणजे झिजून गेलेल्या वस्तूंचं पुढचं आयुष्य. युरोपात लिननच्या चिंध्या. दख्खनमध्ये सण आणि तागाची फाटकी पोती, जुने दोर, कोळ्यांची जाळी, चिंध्या आणि लिहून झालेला रद्दी कागद. शेतकऱ्याचं गोणपाट, नावेचा दोर आणि कुणाचं तरी धोतर एकाच हौदात. त्यातून निघालेल्या पानावर मग सरदाराची सनद लिहिली जायची.

पद्धत साधारण सगळीकडे सारखी होती. माल निवडायचा, बारीक तोडायचा, चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचा. मग पायानं चालवायच्या ढेंकीखाली कुटायचा, नदीवर नेऊन धुवायचा, परत चुन्यात, परत ढेंकीखाली, परत नदीवर. हे चक्र कित्येक दिवस चालायचं. ढेंकी चालवणं म्हणजे दिवसभर एकाच पायावर जोर देत राहणं. शेवटी धाग्याचं धागेपण जाऊन पांढरा लगदा उरायचा. तो हौदातल्या पाण्यात ढवळायचा, गवताच्या काड्यांची चटई चौकटीवर अंथरून पाण्यात बुडवायची आणि हलक्या हातानं आडवी वर उचलायची. पाणी गळून जातं, तंतू वर राहतात. तेच पान. ते दाबून, गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवायचं. मग खळ लावायची, नाहीतर बोरूची शाई टीपकागदासारखी पसरते. सगळ्यात शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचं. जुना हातकागद उजेडात तिरका धरला की चकाकतो, ती चकाकी दगडाची.

दोन नद्या असलेल्या गावात हे काम का रुजलं हे वेगळं सांगायला नको. कागदाला चिंध्यांपेक्षाही पाणी जास्त लागतं. मागणीही जवळच होती. बाळापूर मुघल काळात परगण्याचं ठाणं, म्हणजे महसुलाचे हिशेब, म्हणजे कागद. आणि गावात नक्शबंदी सूफींची खानकाह आहे, जुन्या हस्तलिखितांसाठी अभ्यासकांना माहीत असलेली. इथं एक शब्द सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. 'मुरक्का'. अरबीत याचा अर्थ ठिगळं लावलेलं. सूफी फकिराच्या ठिगळांच्या झग्याला मुरक्का म्हणतात. आणि मुघल काळात वेगवेगळी चित्रं, सुलेखनाचे तुकडे एकत्र चिकटवून जे अल्बम बनवत त्यांनाही मुरक्काच म्हणत. ठिगळांचा झगा आणि बादशहाचा अल्बम, दोन्हींना एकच नाव. आपल्याकडची नाथपंथीयांची कंथा त्याच घराण्यातली, आणि त्याच्या कितीतरी आधी बौद्ध भिक्खूंचं चीवर, टाकून दिलेल्या कापडांचे तुकडे जोडून केलेलं. जे कापड कुणालाच नको ते अंगावर घेणं ही या देशात फार जुनी कृती आहे. तिच्यात त्यागही आहे आणि थोडा उर्मटपणाही.

मग बाळापूरचा कागद गेला कुठे?

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची काळी माती दिसली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाच्या जातीला नावच 'ऊमरा' पडलं, ते उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं येऊन खामगावच्या फाट्याची लाइन सुरू केली, तिचं कामच कापूस उचलणं. बाळापूरला स्टेशन मिळालं नाही. गाडी पारसवरून जाते, आठ-दहा किलोमीटर लांबून. रस्त्यावरची बाजारपेठ रुळावरच्या बाजारपेठेपुढे कशी सुकते ते पाहायचं असेल तर आमचं गाव चांगलं उदाहरण आहे.

हॅरी रिव्हेट-कार्नाक हा तेव्हा इथला कॉटन कमिशनर. त्याचा हिशेब सरळ होता: रेल्वेनं विलायती कापड स्वस्तात आत आणायचं, देशी कापड त्यापुढे टिकणार नाही, मग सूत काढणारे आणि विणणारे हात रिकामे होतील आणि शेतमजुरीला लागतील, म्हणजे आणखी कापूस. यात कसली लपवाछपवी नव्हती, हे त्यानं सरकारी अहवालात लिहिलं. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या पुस्तकात या धोरणाचा आणि शतकाच्या शेवटी पडलेल्या दुष्काळांचा संबंध उलगडून दाखवला आहे. मी ते पुस्तक ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. हिंजवडीच्या ट्रॅफिकला एवढं श्रेय द्यायला हवं.

कागदाचं मरण थोडं वेगळं. १८८० च्या आसपास टिटागढ, लखनौ, पुणे इथं यंत्राच्या कागद गिरण्या निघाल्या. पुण्याची डेक्कन पेपर मिल १८८५ ची. शिवाय इंग्रजांनी तुरुंगांत कैद्यांकडून कागद करून घ्यायला सुरुवात केली. ज्याला मजुरीच द्यायची नाही त्याच्याशी कुठला कारागीर स्पर्धा करणार? सरकारी कचेऱ्या गिरणीच्या कागदाकडे वळल्या, आणि कचेरी हेच तर बाळापुरी कागदाचं मोठं गिऱ्हाईक. ढेंकी थांबली.

पण चिंध्या थांबल्या नाहीत. चिंध्यांचं दुसरं एक खातं घराघरात चालू होतं, आणि ते कुठल्याच गॅझेटियरमध्ये उद्योग म्हणून नोंदलं गेलं नाही, कारण ते बायका करत आणि त्याचे पैसे मिळत नसत.

वाकळ कशी करतात ते शहरातल्या मित्रमैत्रिणींना सांगताना मला दर वेळी जाणवतं की यात किती निर्णय आहेत. लुगडं आधी विटतं, मग विरतं. विरलेलं लुगडं नेसता येत नाही, पण त्याचा मऊपणा नव्या कापडाला कधीच येत नाही. म्हणून ते अंगाला लागणाऱ्या बाजूला. जाड, न फाटलेलं कापड खालच्या बाजूला, जमिनीवर घासायला. मध्ये भर: फाटक्या चिंध्या, धोतराचे तुकडे, मुलांचे आखूड झालेले सदरे. कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन असं मध्यापर्यंत यायचं. टाके जवळ घेतले तर वाकळ टणक होते, लांब घेतले तर धुताना आतली भर गोळा होते. अंतर किती, हे बोटांना कळतं. काम उन्हाळ्यात, शेत मोकळं असताना, दुपारी दोघीतिघींनी मिळून. माझी आजी अजून शिवते. माझ्या आईनं एकदा एक विटलेलं पातळ बोहारणीला द्यायला बाजूला ठेवलं तर ती म्हणाली, "थे कायले देतं वं बाई? आजून दहा वर्सं जाईन थे वाकयीत." आणि ते खरं होतं.

बोहारीण हा तिसरा रस्ता. डोक्यावर भांड्यांची पाटी, जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा किंवा पातेलं. तीन साड्यांत चहाची किटली येते की नाही यावर अर्धा तास घासाघीस. मानववंशशास्त्रज्ञ लूसी नॉरिस यांनी दिल्लीतल्या अशा व्यापारावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. आपल्या दारातून गेलेला सदरा बाजारात उसवून, धुऊन, इस्त्री करून दुसऱ्याच्या अंगावर जातो, नाहीतर फाडून यंत्रं पुसायला कारखान्यात जातो, हे त्यात बारकाईनं आहे. पण दारावर बसून भाव ठरवणाऱ्या बाईची कापडाची पारख पाहायची असेल तर पुस्तकापेक्षा दारच बरं. ती कापड चिमटीत धरते आणि सांगते किती धुण्यांचं आहे.

वऱ्हाडात जुन्या कापडाचा सगळ्यात मोठा वापर मात्र एका माणसानं केला. त्याला कुणी कलाकार म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर तो खराटा घेऊन मागे लागला असता.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. जात परीट. वडील लवकर गेले, लहानपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे गुरं राखण्यात गेलं. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या जोडून केलेला झगा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, डोक्यावर किंवा हातात मडक्याचा तुकडा. त्या गाडग्यावरून गाडगेबाबा. पण त्याआधी आणि त्याबरोबर लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडेबुवाही म्हणत. आपण गाडगं लक्षात ठेवलं आणि गोधडी विसरलो.

परटाच्या घरात जन्मलेल्या मुलाला कापड काय बोलतं हे दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळत असणार. गावातल्या प्रत्येक घराचा कपडा परटाच्या हातून जातो. कुणाचं धोतर किती विरलंय, कुणाच्या साडीला ठिगळ आहे, कुणाकडे जरीची किनार आहे, हे त्याला माहीत असतं. कपडे पांढरे करून देणारा स्वतः मात्र अंगणाबाहेर उभा. अशा घरातला माणूस जेव्हा ठरवून चिंध्या अंगावर घेतो आणि त्या अंगानं पंगतीच्या कडेला जाऊन उभा राहतो, तेव्हा तो काहीतरी दाखवतोय. लोक त्याला हाकलतात किंवा बसवतात, आणि दोन्ही वेळा परीक्षा लोकांची होते. रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा राहतो आणि सकाळी हाकलणारे समोर बसलेले असतात. आज एखाद्या बिनालेमध्ये कुणी हे केलं तर त्याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतील, कॅटलॉगमध्ये चार पानं लिहितील. मी ही तुलना गंमत म्हणून करत नाही. वस्तू, शरीर, जागा आणि बघणाऱ्याची अडचण, एवढ्यावरच ती कला उभी असते, आणि हे सगळं गाडगेबाबांकडे होतं. त्यांना फक्त त्या नावाची गरज नव्हती. त्यांना धर्मशाळा बांधायच्या होत्या, नाशिकला, पंढरपूरला, आणि त्या त्यांनी बांधल्या. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. आमच्या भागातल्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. दीक्षान्त समारंभाला मात्र सगळे नव्या कापडाचे झगे घालतात.

आता राउशेनबर्गकडे जायला वाट आहे, आणि ती वर्ध्यावरून जाते. १९३४ मध्ये गांधींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक, मुक्काम वर्ध्याची मगनवाडी. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ आणि हातकागद. मरत चाललेल्या कागजींकडून पद्धत शिकून घेऊन ती सुधारायचा प्रयत्न तिथं झाला. के. बी. जोशी यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी केली. अमेरिकन अभ्यासक डार्ड हंटर १९३७ मध्ये भारतात फिरून कागदाची गावं पाहून गेला. त्याच विचारातून पुढे अहमदाबादच्या आश्रमाजवळ 'कलम खुश' निघालं. तिथं खादीच्या चिंध्यांचा कागद होतो.

१९७५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून राउशेनबर्ग तिथं आला, बरोबर लॉस एंजेलिसच्या जेमिनी जी.ई.एल. या छापखान्याची माणसं. त्यानं दोन मालिका केल्या. 'बोन्स'मध्ये ओल्या हातकागदात बांबूच्या कामट्या आणि कापडाचे तुकडे बसवले, पान वाळलं की ते आतच. 'युनियन्स'साठी त्यानं चिंध्यांचा लगदा आणि माती यांचं मिश्रण केलं, त्यात मेथीची पूड आणि चिंचोक्याचं पीठ. इंग्रजीत त्याला 'रॅग-मड' म्हणतात. आपण चिंध्या-माती म्हणू. मेथी घातली की कीड लागत नाही, चिंचोक्याची खळ घट्ट धरते, हे ज्यांच्याकडून तो शिकला त्यांच्या घरची भिंतही कदाचित तशीच लिंपलेली असेल. त्या मिश्रणाला त्यानं दोर, बांबू आणि रंगीत रेशीम जोडलं. परत गेल्यावर त्याची 'जॅमर्स' मालिका आली: भिंतीला टेकवलेल्या काठ्या आणि त्यांवरून लोंबणारं साधं, झिरझिरीत कापड. इतकं कमी काम असलेलं आणि इतकं सुंदर त्यानं आधी क्वचितच केलं होतं. अहमदाबादच्या बाजारातल्या कापडांनी त्याला मोकळं केलं, असं त्याच्याबद्दल लिहिणारे म्हणतात. फोटो पाहिले तर पटतं.

त्यानं चोरी केली असं मी म्हणणार नाही. तो हातात हात घालून काम करणारा माणूस होता आणि कागदाचं वेड त्याला पुढेही राहिलं. १९८२ मध्ये तो चीनमध्ये जगातल्या सगळ्यात जुन्या कागद-परंपरांपैकी एका ठिकाणी गेला, तर तिथं त्याला मुख्य कारखान्यात जाऊच दिलं नाही. कृती गुप्त होती. अहमदाबादला दार उघडं होतं. मला हा फरक विचार करण्यासारखा वाटतो. आमच्याकडे कृती कधी गुप्त नव्हती, कारण तिला किंमत आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं. बाळापूरच्या कागजींनी कुठलं पेटंट सांभाळायचं होतं? ते गेले तशी कृतीही गेली, आणि ती परत शिकायला वर्ध्याला संघ काढावा लागला.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. मुंबईच्या शर्मिला सामंत १९९० च्या दशकाच्या शेवटी अॅमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत रेसिडेन्सीवर होत्या. त्या सुमाराचं त्यांचं गाजलेलं काम म्हणजे कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं एकमेकांत अडकवून केलेली साडी. पदरावर कोयऱ्या आहेत, निऱ्या पडतात, फक्त वजन पेलवणार नाही. आजी लुगड्याची वाकळ करते, सामंत कचऱ्याची साडी करतात. दोन्हीत वस्तू उलट्या बाजूनं चालत येते. आणि सामंत यांचं नाव त्या साडीबरोबर जातं, हे महत्त्वाचं.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी राहतात, शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. कडेपासून सुरू करून मध्याकडे, आमच्यासारखंच. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी उघडी-नागडी मानतात. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये या कवंद्यांचं प्रदर्शन झालं. शहर तेच, जिथं 'बेड' टांगलेला आहे. इथं मात्र गोधडी शिवणाऱ्या बायकाच कलाकार होत्या. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून २०१४ मध्ये पुस्तक काढलं. ते फ्रान्समधून निघालं, याचं मला आधी आश्चर्य वाटलं आणि मग वाटलं नाही.

या सगळ्यात एक तांत्रिक अडचण आहे, आणि इंजिनिअर म्हणून तीच मला जास्त छळते. सुती चिंधीचा कागद होतो कारण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. कुटला की तंतू सुटे होतात, पाण्यात फुगतात आणि वाळताना एकमेकांना धरून बसतात. पॉलिएस्टर हे प्लास्टिक. ते पाणी पीत नाही, कुटलं तरी फुगत नाही, एकमेकांना धरत नाही. सुती आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात पिळले की दोन्ही वेगळे करणं आजही कारखान्याला महाग पडतं. टेरिकॉट आला तेव्हा घरोघरी कौतुक झालं: इस्त्री लागत नाही, लवकर वाळतं, विटत नाही. विटत नाही हे खरं. पण जे विटत नाही ते विरतही नाही, आणि जे विरत नाही ते मऊ होत नाही. पानिपतच्या कारखान्यांत जगभरचे टाकलेले कपडे येतात, फाडून, पिंजून त्यांचं हलकं सूत आणि ब्लँकेट होतं, आणि आता त्यांनाही कापसापेक्षा कृत्रिम धागाच जास्त हाताळावा लागतो. म्हणजे बाळापुरात उद्या कुणी परत ढेंकी बसवली, दोन्ही नद्यांना पाणी असलं, तरी हौदात टाकायला काय आणणार? कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात सुती चिंधी शोधत फिरावं लागेल.

गेल्या दिवाळीला मी पुण्याहून एक पिशवी भरून टी-शर्ट घरी नेले. हॅकेथॉन, टीम आउटिंग, कुठलंसं प्रॉडक्ट लाँच. सहा वर्षांत जमलेले, छातीवर लोगो, पाठीवर इंग्रजी घोषवाक्यं. आजीनं ओसरीवर एकेक पसरला. चष्मा लावला नाही, लेबल बघितलं नाही, बघितलं असतं तरी तिला इंग्रजी येत नाही. कापड चिमटीत धरून अंगठ्यानं चोळत गेली आणि दोन ढीग केले. मी नंतर लेबलं वाचली. एका ढिगात शंभर टक्के कॉटन, चार शर्ट. दुसऱ्यात सगळे साठ-चाळीसवाले, सतरा.

"हे चार वरून लावू," ती म्हणाली. "बाकीचे भरतीत टाक. घाम पेत नाई थे."

मग तिनं कात्री मागितली आणि आधी लोगो कापून बाजूला काढले. ती रबरी छपाई सुईला अडते म्हणून.